हरकरे सरांची पूड

दिव्यावर धरलेलं अंडं नारिंगी उजळलं. आत लाल शिरांचं बारीक जाळं पसरलं होतं आणि त्याच्या मधोमध एक काळपट ठिपका हलत होता.

"जिवंत," मी म्हणाले.

रेश्माने अंड्यावर पेन्सिलीने खूण केली आणि ते ट्रेमध्ये परत ठेवलं. आम्ही दोघी डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेल्या होतो. तोंडावर पारदर्शक पडदा, त्याच्या आत हवा सोडणारी नळी. साधं बोलायचं तरी ओरडावं लागायचं. मी पुढचं अंडं उचललं. जिवंत. त्याच्या पुढचं, तेही जिवंत. पहिला ट्रे संपला तेव्हा रेश्मा हसतेय हे मला तिच्या डोळ्यांवरूनच कळलं.

"तुझ्या सरांकडून पेढे मागव आता," ती म्हणाली.

"दुसरा ट्रे आण."

दुसऱ्या ट्रेमधलं पहिलं अंडं दिव्यावर धरलं. कवच उजळलं, पण आत शिरा नव्हत्या. तळाशी एक गडद गोळा बसला होता. मी अंडं हळूच फिरवलं, तसा तो गोळा नुसता घरंगळला.

मी पुढचं अंडं घेतलं. ते तसंच. त्याच्या पुढचंही. रेश्माची पेन्सिल हातातच राहिली.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते. बर्ड फ्लूचा विषाणू अंड्यातल्या वाढत्या पिल्लात फार जोमाने वाढतो. एखाद्या नमुन्यात तो जिवंत असेल, तर त्यातला थेंबभर अंड्यात टोचला की पिल्लू काही दिवसांत मरतं. विषाणू मेलेला असेल तर पिल्लू वाढत राहतं. आम्ही तो विषाणू एका पांढऱ्या पुडीत मिसळला होता. पहिल्या ट्रेसाठी स्वच्छ पाण्यात, आधी एकदा केलं होतं तसंच. दुसऱ्या ट्रेसाठी कोंबड्यांच्या शेडमधल्या गादीत. शेडच्या जमिनीवर भाताचा तूस पसरतात, त्यात महिनोन् महिने विष्ठा मिसळत जाते, त्या थराला गादी म्हणतात. खरा विषाणू पाण्याच्या ग्लासात नसतो. तो गादीत असतो.

तिसरा ट्रेही होता. त्यात पूड होती, गादी होती, फक्त विषाणू नव्हता. ती सगळी पिल्लं जिवंत होती. म्हणजे दुसऱ्या ट्रेमधली पिल्लं पुडीने मेली नव्हती, विष्ठेनेही नव्हती. मेलेल्या अंड्यांतला द्रव काढून आम्ही लगेच पडताळा घेतला. शंकेला जागा राहिली नाही. पूड गादीत पडली की तिचं बळच संपत होतं.

"गादीतलं एकदाच केलंय अजून," रेश्मा म्हणाली. तिला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. "दुसरी खेप अंड्यांत टोचलेली आहे. तिचं बघू."

"बघू," मी म्हणाले.

ती पूड मधुसूदन हरकरे सरांची होती. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे. आमच्याकडे जमिनीखाली डोलोमाइटचा दगड आहे. माझे वडील त्याच्याच खाणीवर ट्रक चालवायचे. सरांना त्या दगडाचं वेड होतं. तो एका ठरावीक आचेवर भाजला, थोडा पाण्याने फुलवला, की जी पूड होते ती जंतू मारते, हे त्यांनी निवृत्तीनंतर घराच्या पडवीत बसून शोधून काढलं होतं. विहिरीच्या पाण्यावर, गुरांच्या खुरांच्या जखमांवर ते ती वापरून बघायचे. मी बारावी झाल्यावर वडिलांनी लग्नाचं काढलं, तेव्हा सर आमच्या घरी येऊन अंगणात बसले आणि चहा न घेता बसूनच राहिले. "सुनंदाला नागपूरला शिकायला पाठवतो म्हणा, मग घेतो चहा," म्हणाले. वडिलांनी चहा तीनदा गरम करायला लावला आणि शेवटी हो म्हणाले.

त्यामुळे जेव्हा त्यांनी डबाभर पूड शेजारच्या राज्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत पाठवली, तेव्हा ती रीतसर परवानगी काढून मीच तपासायला घेतली. पाण्यातला पहिला निकाल आला त्या दिवशी मी त्यांना फोन केला होता. सांगितलं, सर, पाण्यात विषाणू बघता बघता मरतो. गादीतलं अजून बघायचंय. ते म्हणाले, "मरतो ना? मला माहीतच होतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या गावाकडच्याच भागात, सावरटेक नावाच्या गावी, एका शेडमध्ये कोंबड्या मरायला लागल्या. नमुने आमच्याकडेच आले. बर्ड फ्लू निघाला.

त्या सकाळी आंघोळ करून, सगळे कपडे आतच टाकून आम्ही प्रयोगशाळेच्या बाहेर आलो, तेव्हा माझा फोन टेबलावर वाजत होता.

"मॅडम, डॉक्टर काझी बोलतोय, पशुसंवर्धन खात्यातून. सावरटेकहून." आवाज तरुण होता आणि दमलेला. "हरकरे सर तुमचेच ना?"

"हो. काय झालं?"

"इथे बायकांच्या बचत गटाच्या चार शेड आहेत. एका शेडचा रिपोर्ट तुम्हीच पाठवलाय. नियमाने चारही शेडमधल्या कोंबड्या नष्ट करायच्या आहेत. पण सरांनी परवाच चारही शेडमध्ये त्यांची पूड पसरलीय. ते म्हणतात, आता गादीत विषाणू राहिलेलाच नाही, बाकीच्या तीन शेडना हात लावू नका. बायका फाटकात बसल्यात. माझी माणसं किट घालून उन्हात उभी आहेत."

"सर कुठे आहेत?"

"तेच सांगतोय. सकाळपासून ते त्या आजारी शेडमध्ये जाऊन बसलेत. मास्क न लावता. पूड चालते हे दाखवायला."

माझ्या ओल्या केसांतलं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं.

"त्यांना सांगा, निकाल आला आहे. गादीत चालत नाही."

"मॅडम, मी सांगून कोण ऐकणार? ते सगळ्यांना तुमचंच नाव सांगतायत. माझ्या विद्यार्थिनीने मोठ्या प्रयोगशाळेत तपासलंय म्हणून. तुम्हीच या."

मी सरांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी आमच्या संचालकांच्या खोलीत गेले. डॉ. भास्करन कमी बोलायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज तू विषाणूवर काम केलंस?"

"हो."

"मग पक्ष्यांच्या जवळ तुला जाता येत नाही, हे मी सांगायला नको." आमच्याकडे तो नियम फार कडक होता. विषाणूवर काम केल्यावर काही दिवस कोंबड्या, पोपट, कबुतरं, कशाच्याही आसपास फिरकायचं नाही. चुकून काही अंगाबरोबर बाहेर आलं असेल, तर ते पक्ष्यांपर्यंत पोहोचू नये म्हणून. "रस्त्यापर्यंत जा," ते म्हणाले. "रस्त्यावर उभी राहून बोल. कुंपणाच्या आत एक पाऊलही नाही."

गाडी मिळाली. राज्याची हद्द ओलांडून सावरटेकला पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. वाटेत काझींचे फोन येत होते. सर अजून आतच आहेत. बायका उठत नाहीत. वरून सांगितलंय, पोलिसांनी बायकांना हात लावायचा नाही, आधी समजवा.

सावरटेकच्या अलीकडे रस्त्यालगत तारेचं कुंपण होतं. आत मोकळं माळरान, त्यात पत्र्याच्या चार लांबट शेड. फाटकात बायका बसल्या होत्या, दहा-पंधरा तरी. काझींनी दिलेले मास्क त्यांच्या तोंडावर होते. पलीकडे पांढऱ्या किटमधली माणसं झाडाच्या सावलीत बसली होती. काझी धावत माझ्याकडे आले. बारीक अंगाचा पोरगेला माणूस, शर्ट पाठीला चिकटलेला.

"त्या टोकाची शेड," त्यांनी बोट दाखवलं.

शेडच्या दारात, जाळीच्या आत, सर एका पालथ्या घमेल्यावर बसले होते. पांढरा सदरा लांबूनही ओळखू आला. तोंडावर काही नव्हतं. त्यांच्या पायाशी कोंबड्या फिरत होत्या, काही माना टाकून बसल्या होत्या.

मी हात वर केला. त्यांनीही केला. मग खिशातून फोन काढून त्यांनी तो चालू केला असावा, कारण या वेळी माझा फोन लागला.

"सुनंदा! आलीस? ये ना आत."

"सर, मला आत येता येत नाही. तुम्ही बाहेर या. गादीतला निकाल आला आज."

"काय आला?"

"चालत नाही सर. गादीत मिसळली की पूड विषाणू मारत नाही. अंडी सगळी मेली."

ते म्हणाले, "किती वेळा केलंस?"

"एकदा."

"एकदा!" ते हसले. वर्गात कुणी एकाच वेळच्या मापावरून उत्तर लिहिलं की ते असेच हसायचे. "तुला कोणी शिकवलं गं रसायनशास्त्र?"

"दुसरी खेप टोचलेली आहे. निकाल यायला वेळ आहे."

"मग येऊ दे तिचा निकाल. तोवर मी इथे आहे. मी ही गादी हाताने उलटी केलीय, पूड तळापर्यंत घातलीय. तुमच्या त्या बरणीत घातली तशी चिमूटभर नाही."

"सर, आम्ही तुम्ही सांगितलेल्या मापानेच घातली."

"एकदा," ते पुन्हा म्हणाले.

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हाच त्रास होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मीसुद्धा एका प्रयोगावर विश्वास ठेवला नसता.

फाटकातून एक बाई उठून कुंपणाशी आली. पन्नाशीची असेल. नऊवारीवर पुरुषी शर्ट घातलेला, हात मजबूत. काझी हळूच म्हणाले, "कौसल्याताई आत्राम. गटाच्या अध्यक्ष."

"तुमीच का त्या मॅडम?" तिने विचारलं.

"हो ताई."

"सर सांगतात, तुमच्याकडं किडा मेला म्हून. अन् हे डॉक्टर सांगतात, नाही मेला म्हून. खरं काय हाय?"

"दोन्ही खरं आहे ताई. पाण्यात मेला. गादीत नाही मेला."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "मंग सरायले हे ठाव नाही का?"

"आत्ता सांगितलं. ते म्हणतात, पुन्हा करून बघा."

"बराबर हाय त्यायचं. पुन्हा करून बघा. तवर आमच्या कोंबड्या राहू द्या." ती सरळपणे म्हणाली. "मॅडम, ह्या तीन शेडीत एक बी कोंबडी मेली नाही. पिल्लं व्हती तवापासून आमी वाढवल्या. रात्री वीज गेली त बाया शेगड्या घेऊन बसल्या त्यायच्यापाशी. धडधाकट जीव पोत्यात भरून पुरू द्यायचा?"

"ताई, आज धडधाकट आहेत. त्या शेडमधून माणसं ये-जा करतायत, वारा वाहतोय. रोग तिथे पोहोचला तर कोंबड्यांवर थांबेलच असं नाही. माणसालाही होतो. फार वाईट होतो."

"सर त सकाळपासून बसले हायत. त्यायले काय झालं?"

"लगेच कळत नाही ते."

"मंग तुमी आत या," ती म्हणाली. "सरायपाशी जा. त्यायचा हात धरून आणा बाहेर. लेकीसारख्या हाय ना तुमी त्यायच्या? सरच सांगतात."

"मला येता येत नाही ताई."

"काहून?"

मी सांगायचा प्रयत्न केला. आज मी त्याच विषाणूवर काम केलंय, आत आले तर माझ्यामुळेच तुमच्या बाकीच्या कोंबड्यांना धोका. ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांतला माझ्याबद्दलचा विश्वास विरत गेला. मागच्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या, कुंपणाशी येऊन ऐकत होत्या.

"भेव वाटते तुमाले," कौसल्याताई म्हणाली. "भेव वाटते म्हना ना साधं. म्हातारा मानूस आत बसला हाय अन् तुमी रस्त्यावरून बोलून रायल्या."

मी तारेला हात लावून उभी होते. तार तापलेली होती. आत जावंसं मला किती वाटत होतं ते मी कुणाला सांगू शकले नसते. पन्नास-साठ पावलं पळत जायचं आणि त्यांना दंडाला धरून बाहेर ओढायचं, एवढंच. मी तार सोडली नाही.

कौसल्याताईने मास्क काढला, हातात चुरगळला आणि खाली टाकला.

"चाला गं," ती मागे वळून म्हणाली. "सर बसले हायत त आपुन बी बसू. सगळ्याच जाऊन बसू. मंग बघू कोन कोंबड्यायले हात लावते ते."

"ताई!" काझी पुढे धावले. "ताई, आत नका जाऊ! थांबा!"

पण त्या निघाल्याच होत्या. कौसल्याताई पुढे, बाकीच्या मागे, माळावरून त्या टोकाच्या शेडकडे. चालता चालता एकेक जण तोंडावरचा मास्क खाली ओढत होती. एकीच्या कडेवर मूल होतं. ते कधीपासून तिथे होतं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

फोन अजून कानाशी होता.

"सर," मी म्हणाले, "बाहेर बघा. तुमच्याकडे येतायत त्या. मास्क काढून. सर, मी एकदाच केलंय, कबूल. माझी चूक असेल. पण तुमची खात्री असेल तर त्यांना या म्हणा. त्या मुलाला घेऊन आत या म्हणा. एवढं तुमच्या तोंडाने बोला, मी परत जाते."

सर घमेल्यावरून उठल्याचं मला दिसलं. कौसल्याताईने शेडची जाळी उघडली आणि आत पाऊल टाकलं. फोनमध्ये तिचा आवाज आला, "सर, आमी बी बसतो तुमच्यासंगं."

"थांबा!"

तो आवाज मला फोनमधूनही आला आणि माळावरूनही. सर दोन्ही हात पसरून दारात उभे होते. "थांबा! तिथेच! कोणी आत येऊ नका. ते मूल... ते मूल मागे न्या आधी!"

बायका थबकल्या. कौसल्याताई जाळीच्या आत होती, बाकीच्या बाहेर.

"काहून सर?" फोनमध्ये तिचा आवाज स्पष्ट येत होता. "तुमी त बसले."

"मी बसलो. तुम्ही नको."

"आमी काहून नको? तुमची पूड त हाय ना टाकलेली?"

झाडाखालची किट घातलेली माणसंही उठून उभी राहिली होती. काझी अर्ध्या वाटेत थांबले होते. सर तिच्याकडे बघत होते, तिच्या मागे उभ्या असलेल्या बायकांकडे बघत होते. त्यांच्या पायाशी एक कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरत होती.

"मला खात्री नाही," सर म्हणाले.

"काय?"

"मला खात्री नाही, कौसल्याबाई." त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "पाण्यात मेला हे खरं आहे. गादीत मरतो असं मला वाटलं. वाटलं, म्हणून मी सांगितलं. तुमचा जीव पणाला लावून मी ते सांगू शकत नाही. बाहेर जा. सगळ्या बाहेर जा."

मग तिने जे केलं ते मधे उभ्या असलेल्या बायकांमुळे मला नीट दिसलं नाही, पण काझींनी नंतर सांगितलं. तिने सरांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून त्यांना ढकललं, जोरात, आणि ते जाळीवर आपटले. "मंग सकाळपासून आमाले इथं काहून बसवलं?" ती ओरडली. "काहून बसवलं आमाले?" सरांनी हात वर केला नाही. ती दुसऱ्यांदा ढकलायला गेली आणि तिथेच खाली बसून रडायला लागली.

काझींची माणसं पुढे आली. बायका फाटकाबाहेर आल्या. सरांना आणि कौसल्याताईला वेगळ्या गाडीत बसवलं, मास्क लावून. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा सर काचेतून माझ्याकडे बघत होते. मी पुढे झाले नाही. संध्याकाळपर्यंत चारही शेड रिकाम्या झाल्या. बायका रस्त्याच्या कडेला बसून बघत होत्या. कुणी माझ्याशी बोललं नाही. फक्त ती मूल घेतलेली बाई जाताना माझ्याजवळ थांबली आणि विचारलं, "पोराले काही होनार त नाही ना?" तिला मी काझींकडे पाठवलं. त्या सगळ्यांनाच बर्ड फ्लू होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या.

सरांना आणि कौसल्याताईला जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात वेगळ्या वॉर्डात ठेवलं. मी परत कामावर गेले. काझी रोज फोन करायचे. पहिल्यांदा सगळं ठीक होतं. मग एका सकाळी ते म्हणाले, "मॅडम, सरांना ताप आलाय."

"किती?"

"भरपूर. हुडहुडी भरते. घशातला नमुना पाठवलाय."

"आणि कौसल्याताई?"

"त्या बऱ्या आहेत. सरांचं डोकं दाबून देत होत्या, नर्स ओरडली म्हणून आपल्या खाटेवर गेल्या."

मी आत काम करत होते त्या सगळ्या वेळात कान बाहेरच्या फोनकडे होते. रेश्मा मला सुईला हात लावू देईना. "तू लक्ष देत नाहीयेस," ती म्हणाली, "टोचून घेशील." त्याच दिवशी दुसऱ्या खेपेची अंडी बघायची होती. मी दिवा धरला. पहिलं अंडं जिवंत निघालं. मला वाटलं, ट्रे बदलला असेल. नव्हता बदलला. दुसरं मेलेलं. तिसरं जिवंत. चौथंही जिवंत. शेवटी जवळपास निम्मी अंडी जिवंत होती.

"हे काय आता?" रेश्मा म्हणाली.

मला कळलं होतं. गादी सगळीकडे सारखी नसते. जिथे विष्ठा कमी, तिथे पुडीचं चालतं. जिथे जास्त, तिथे चालत नाही. निम्म्या वेळा सर बरोबर होते.

तिसऱ्या दिवशी काझींचा फोन आला. नमुन्यात बर्ड फ्लू नव्हता. सरांना मलेरिया झाला होता. आमच्या भागात त्या महिन्यात कुणालाही व्हायचा तसा, साधा मलेरिया. मी फोन ठेवला. रेश्माने काही न विचारता माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

मी भेटायला गेले तेव्हा सर उशाला टेकून बसले होते. अंगात काही राहिलं नव्हतं, सदरा खांद्यावरून लोंबत होता. पलीकडच्या खाटेवर कौसल्याताई पिशवी भरत होती. तिला त्या दिवशी घरी सोडणार होते. तिने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

"दुसरी खेप?" सरांनी विचारलं. मी बसायच्या आतच.

वाटेत मी ठरवलं होतं की आत्ता सांगायचं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते जमलं नाही. "निम्मी जिवंत निघाली," मी म्हणाले.

ते छताकडे बघत राहिले. "निम्मी."

"हो सर."

"म्हणजे त्या तीन शेड..." ते थांबले. मग विचारलं, "त्या दिवशी तू आत आली असतीस, तर मी तुझं ऐकलं नसतं, माहीत आहे? मला वाटलं असतं, हिलाही भीती नाही, म्हणजे काही नाही. तू कुंपणाशी उभी राहिलीस. वर्गात तू कधी मागच्या बाकावर बसली नाहीस, आम्लाची बाटली हातात धरून पळायचीस. ती तू तार धरून उभी होतीस आणि आत येत नव्हतीस. ते बघूनच मला शंका आली होती. बाया आल्या त्याच्या आधीच." ते माझ्याकडे वळले. "तरी मी उठलो नाही, बघ."

मी त्यांचा हात धरला. तो अजून गरम होता.

"निम्म्या म्हंजे कोनत्या निम्म्या?" कौसल्याताईने विचारलं. तिने पिशवीची गाठ मारत मान वर केली नव्हती. "हे कोनी सांगतलं असतं का आमाले?"

"नाही," सर म्हणाले. "कोणीच सांगू शकलं नसतं."

"मंग झालं त."

ती पिशवी घेऊन दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"सर, शेडी आता रिकाम्याच हायत," ती म्हणाली. "सरकार म्हनते, इतक्यात कोंबड्या आनू नका. चार-पाच महिने तशाच पडून राहतीन. तुमाले अजून काही बघाचं असन त तिथं बघा. गादी उकरून टाका, धुवा, पूड टाका, काय कराचं ते करा. पन कोंबड्या यायच्या आधी."

सरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मी उठू लागले तर त्यांनी माझा हात सोडला नाही.

मग त्यांनी डोळे पुसले, वळले, आणि वर्गातल्यासारख्या आवाजात म्हणाले, "गादी सगळी काढावी लागेल, कौसल्याबाई. नुसती वरवरची नाही. खालच्या मातीपर्यंत."

"काढू ना," ती म्हणाली. "बाया हायत की."